वारेची तपासणी: जुलै ते नोव्हेंबर

९ जुलै २०२४, मंगळवार. सोनोग्राफीच्या खोलीत बाळाचे ठोके थांबल्याचे कळल्यावर साधारण अर्ध्या तासाने डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवले आणि प्रसूतीनंतर वार, म्हणजे पोटात बाळाला पोसणारी प्लॅसेंटा, तपासणीसाठी पाठवायची आहे का, असे विचारले. मला तिसावा आठवडा चालू होता. बाळच राहिले नाही तर वारेचे काय करायचे, असे मी त्यांना जरा तोडूनच म्हणाले. त्या रागावल्या नाहीत. "आत्ता उत्तर देऊ नका, उद्या संध्याकाळपर्यंत द्या," एवढेच म्हणाल्या, "पण त्याच्या पुढे थांबू नका. वार एकदा पिवळ्या पिशवीतून गेली की परत मिळत नाही."

ही पिवळी पिशवी काय असते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार शरीराचे अवयव आणि ऊती पिवळ्या पिशवीत जातात, त्या ४८ तासांहून अधिक काळ ठेवता येत नाहीत आणि नंतर जाळल्या जातात. कोणी मुद्दाम थांबवले नाही, तर प्रत्येक दवाखान्यात वारेचा प्रवास असाच ठरलेला असतो. आमच्याकडे पूर्वी वार परसात पुरत असत. आता ती आपल्याला न विचारता जाते आणि बहुतेकांना त्याचे काही वाटतही नाही.

ही माझी दुसरी वेळ होती. २०२२ मध्ये नवव्या आठवड्यात गर्भपात झाला, गर्भपिशवी साफ केली आणि निघालेली ऊती कोठेही पाठवली गेली नाही. 'पहिल्या वेळी असे होते' या वाक्यावर तो विषय संपला. पहिल्या तीन महिन्यांतील गर्भपातांपैकी जवळजवळ निम्म्यांमागे गुणसूत्रांचा दोष असतो, हे मी पुढे वाचले, पण त्या वेळी ती जागा नातेवाइकांनी भरून काढली. कोणी पपईचे नाव घेतले, कोणी ग्रहणाचे, कोणी माझ्या स्कूटरचे. दुसऱ्या खेपेला मी स्कूटर विकून टाकली होती. विसाव्या आठवड्याची सोनोग्राफी चांगली आली. अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतरच्या तपासणीत बाळाच्या पोटाचा घेर दोन आठवड्यांनी मागे असल्याचे आणि नाळेतील रक्तप्रवाहाला थोडा अडथळा जाणवत असल्याचे दिसले. माझा रक्तदाब ठीक होता. एका आठवड्याने पुन्हा बोलावले होते आणि त्या तारखेच्या आदल्या रात्रीपासून बाळाची हालचाल मला जाणवली नाही.

डॉक्टरांनी तीन गोष्टी सुचवल्या होत्या: बाळाचे शवविच्छेदन, गुणसूत्रांची तपासणी आणि वारेची तपासणी. शवविच्छेदनाला आम्ही नाही म्हटले. त्यातून अधिक माहिती मिळू शकते, हे आम्हाला स्पष्ट सांगण्यात आले होते, तरीही आमच्याने ते झाले नाही. तो निर्णय बरोबर होता की नाही, याचा हिशेब माझ्या मनात अजून लागलेला नाही. उरलेल्या दोन्ही तपासण्यांना त्या रात्री होकार दिला.

पुढचा सबंध दिवस, म्हणजे १० जुलै, माझ्या दृष्टीने या प्रक्रियेतला सर्वांत महत्त्वाचा दिवस होता, आणि त्याचे श्रेय माझ्या पतींचे आहे. मी कळा सुरू करण्याच्या औषधांवर होते. आमचा दवाखाना कराडमधला, छोटा. तेथे अपेंडिक्स किंवा पित्ताशयाचे तुकडे ठेवण्यापुरत्या लहान बाटल्या होत्या, वार मावेल असे भांडे नव्हते. पतींनी पुण्यातील ज्या प्रयोगशाळेत नमुना जाणार होता तेथे फोन लावला आणि प्रश्न विचारून उत्तरे कागदावर उतरवून घेतली. तो कागद आजही फाइलमध्ये आहे. त्यावर लिहिले आहे: वार कापू नये, दाबून भरू नये, रुंद तोंडाचे भांडे घ्यावे, फॉर्मालिन वार पूर्ण बुडून वर भरपूर उरेल इतके असावे. फॉर्मालिनची सोय लगेच झाली नाही तर वार साध्या फ्रीजमध्ये ठेवली तरी चालेल, पण फ्रीजरमध्ये कदापि ठेवू नये, कारण गोठल्यावर पेशी फुटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली काही दिसत नाही. सर्वांत खाली दोनदा अधोरेखित केलेली ओळ आहे: 'गुणसूत्रांचा तुकडा फॉर्मालिनमध्ये टाकण्याआधी वेगळा काढणे. सलाईनमध्ये.'

ही शेवटची ओळ ज्यांना माहीत नसते त्यांची एक तपासणी कायमची हातची जाते. फॉर्मालिन ऊतीला जशी आहे तशी धरून ठेवते, म्हणून सूक्ष्मदर्शकाच्या तपासणीसाठी ते हवेच. परंतु त्यात पेशी मरतात आणि डीएनएचेही नुकसान होते, त्यामुळे गुणसूत्रांच्या तपासणीसाठी निर्जंतुक सलाईनमध्ये, वारेच्या बाळाकडील बाजूने घेतलेला, छोटा ताजा तुकडा लागतो. म्हणजे भांडी दोन, द्रव दोन आणि क्रमही ठरलेला. त्या संध्याकाळी पतींनी बाजारपेठेतून फरसाणाच्या दुकानात असते तशी पाच लिटरची पारदर्शक बरणी १८० रुपयांना आणली आणि गावातील पॅथॉलॉजी लॅबमधून ४५० रुपयांचे फॉर्मालिन आणले. केसपेपरवर डॉक्टरांनी लाल शाईने 'वार टाकू नये, तपासणीस पाठवणे' असे लिहिले.

११ जुलैला पहाटे तीन वाजून चाळीस मिनिटांनी प्रसूती झाली. बाळाचे वजन ८७० ग्रॅम भरले. आम्ही त्याला हातात घेतले. त्याविषयी मी येथे अधिक लिहिणार नाही. थोड्या वेळाने वार पडली, आणि केसपेपरवर लाल अक्षरांत लिहिलेले असूनही मावशींनी रोजच्या सवयीने ती पिवळ्या पिशवीत टाकली. यात त्यांचा दोष नाही. त्यांना कोणी सांगितलेच नव्हते, आणि केसपेपर वाचणे हे त्यांचे काम नव्हते. दाराशी उभ्या असलेल्या पतींनी सिस्टरना बरणीची आठवण करून दिली म्हणून ती लगेच बाहेर काढली गेली. कागदावर लिहून घ्या, पण त्या रात्रीच्या पाळीत जे कोणी खोलीत असतील त्या प्रत्येकाला, मावशींसकट, तोंडानेही सांगा. डॉक्टरांनी हातमोजे बदलून नाळ जोडलेल्या जागेजवळचा तुकडा कापून सलाईनच्या डबीत ठेवला, आणि उरलेली वार बरणीत गेली. दोन्हींवर माझे नाव, तारीख, वेळ आणि आतील द्रवाचे नाव लिहिले. सकाळी पावसातच बाळाला पुरण्यात आले. मी तेथे नव्हते.

नमुना पुण्याला नेण्याचे काम माझ्या दिरांनी केले. १२ जुलैला, शुक्रवारी, पहाटेच्या एसटीने ते कराडहून स्वारगेटला गेले. बरणीचे झाकण चिकटपट्टीने बंद करून ती दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत आणि मग कापडी पिशवीत ठेवली होती; सलाईनची डबी बर्फाच्या पॅकसह थर्मासमध्ये होती, पण बर्फाला टेकणार नाही अशा बेताने कापडात गुंडाळलेली. भावजींनी ती पिशवी सबंध प्रवासभर मांडीवर धरली होती. शेजारच्या प्रवाशाने 'लोणचं का?' असे विचारले तेव्हा त्यांनी 'हो' म्हटले, हे त्यांनी मला दोन महिन्यांनी सांगितले. फॉर्मालिनचा वास तीव्र असतो आणि ते डोळ्यांना झोंबते, म्हणून ज्यांना शक्य असेल त्यांनी खासगी गाडीने किंवा प्रयोगशाळेच्या माणसाकरवी नमुना पाठवावा. शुक्रवारी दुपारच्या आत पोहोचवणे आवश्यक होते, कारण गुणसूत्रांचा नमुना शनिवार-रविवार पडून राहून चालला नसता.

प्रयोगशाळेत दोन पावत्या झाल्या: वारेच्या हिस्टोपॅथॉलॉजीचे, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालील तपासणीचे, २,८०० रुपये आणि गुणसूत्रांच्या मायक्रोअरे तपासणीचे १८,५०० रुपये. दुसऱ्या तपासणीसाठी जांभळ्या टोपणाच्या नळीत माझे रक्तही मागितले होते, आणि ते आम्ही सुदैवाने आदल्या दिवशी घेऊन ठेवले होते. वारेच्या तुकड्यात आईच्या पेशी मिसळलेल्या असू शकतात. तसे झाल्यास बाळाचा म्हणून आलेला 'नॉर्मल' अहवाल प्रत्यक्षात आईचाच असण्याचा धोका असतो, तो टाळण्यासाठी ही तुलना करतात.

त्यानंतरचे दिवस वाट पाहण्याचे होते. तिसऱ्या दिवशी मला दूध आले. याची पूर्वसूचना मला कोणीही दिली नव्हती, आणि दूध थांबवण्यासाठी गोळ्या असतात हेदेखील फोन केल्यावर कळले. म्हणून हे विषयाला सोडून असले तरी लिहून ठेवते, की घरी सोडताना डॉक्टरांना हे आधीच विचारावे. दहा कामाचे दिवस लागतील असे सांगितले होते. १७ जुलैला आषाढी एकादशी आणि मोहरम एकाच दिवशी आल्याने एक दिवस गेला. १९ जुलैला प्रयोगशाळेतून फोन आला, की अर्जावर बाळाचे वजन लिहिलेले नाही. तो अर्ज घाईत भरला होता, त्यातील निम्मे रकाने रिकामे होते. गर्भ किती आठवड्यांचा, बाळाचे वजन किती, ठोके थांबल्याचे केव्हा कळले, आईचा रक्तदाब आणि साखर, आधीचे गर्भपात, सोनोग्राफीतील नोंदी, हे सर्व पॅथॉलॉजिस्टना लागते. बाळ गेल्यानंतरही वार काही तास किंवा दिवस पोटात असते आणि त्या काळात तिच्यातील रक्तवाहिन्या मिटू लागतात. आधी काय घडले आणि नंतर काय घडले हे वेगळे करायचे तर ही वेळ माहीत असावी लागते. अर्जाची जबाबदारी दवाखान्याची असली, तरी तो आपण वाचून मगच पिशवीत घालावा.

अहवाल ५ ऑगस्टला व्हॉट्सॲपवर आला. दोन पानांचा होता. पहिल्या परिच्छेदात उघड्या डोळ्यांनी केलेली पाहणी होती: नाळ आणि बाळाभोवतीचे पडदे कापून वेगळे केल्यावर वारेचे वजन १८० ग्रॅम, म्हणजे त्या आठवड्यांच्या मानाने खालच्या दहा टक्क्यांत मोडणारे, नाळेत तीन रक्तवाहिन्या, म्हणजे जितक्या असाव्यात तितक्या, आणि काप घेतल्यावर आत जागोजागी फिकट, घट्ट झालेले, रक्त न पोहोचल्याने मेलेले भाग. पुढे सूक्ष्मदर्शकाखालील निरीक्षणे होती. शेवटी, २०१४ मध्ये ॲमस्टरडॅम येथे ठरलेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकषांनुसार नमुने घेतल्याचा उल्लेख होता. हे निकष मी नंतर समजून घेतले: पडदे आणि नाळ यांचा एक आणि वारेच्या पूर्ण जाडीचे किमान तीन, असे कमीत कमी चार ठोकळे घ्यायचे असतात. हे तुकडे मेणात बसवून त्यांचे काही मायक्रॉन जाडीचे पापुद्रे काढले जातात आणि गुलाबी-जांभळ्या रंगात रंगवले जातात. अहवालात किती ठोकळे घेतले ते पाहावे, हा माझा साधा सल्ला आहे. एकाच तुकड्यावर बेतलेला आणि 'वारेची ऊती आढळली' एवढेच म्हणणारा अहवाल आला तर पुन्हा विचारणा करायला हरकत नाही, कारण उरलेली ऊती प्रयोगशाळेत काही आठवडे ठेवलेली असते.

निदानाची ओळ मात्र आमच्या घरात वादळ घेऊन आली. 'मॅटर्नल व्हॅस्क्युलर मालपर्फ्युजन' असे ते निदान होते. सासूबाईंनी पतींकडून त्यातील पहिल्या शब्दाचा अर्थ विचारून घेतला आणि त्या गप्प बसल्या. त्या काहीच बोलल्या नाहीत, पण मलाही तो शब्द तसाच लागला होता: मॅटर्नल, म्हणजे आईकडून, म्हणजे माझ्याकडून. पुढचे बारा दिवस मी त्याच एका शब्दासोबत काढले, आणि त्या बारा दिवसांसाठी मी कोणाला दोष देत असेन तर तो अहवाल कोणी समजावून सांगणारे शेजारी नसताना मोबाइलवर उघडण्याच्या माझ्या घाईला.

१७ ऑगस्टला पुण्यात गर्भवैद्यक तज्ज्ञांची भेट झाली. त्यांनी कागदावर वार काढून दाखवली. वारेत दोन वेगळे रक्तप्रवाह असतात, एक बाळाचा आणि एक आईचा, आणि ते एकमेकांत मिसळत नाहीत. 'मॅटर्नल' हा शब्द बिघाड यांपैकी कोणत्या बाजूच्या प्रवाहात झाला एवढेच सांगतो. घरातील नळाला पाणी येत नसेल तर दोष नगरपालिकेच्या बाजूच्या नळीत आहे की आतल्या, असे सांगण्यासारखे ते आहे, असे त्या म्हणाल्या. गर्भ रुजताना गर्भाशयाच्या बारीक धमन्या रुंदावून सैल व्हाव्या लागतात. माझ्या बाबतीत ते नीट झाले नव्हते, आणि ही गोष्ट पहिल्या काही महिन्यांतच, कोणाच्याही खाण्यापिण्याचा वा प्रवासाचा संबंध नसताना, घडून गेलेली असते. जंतुसंसर्गाची किंवा दाहाची खूण अहवालात नव्हती. मी पतींना म्हटले, "हे आईंना तुम्हीच सांगा, याच शब्दांत." त्यांनी नळाच्या उदाहरणासकट सांगितले. सासूबाईंनी पपईचा विषय त्यानंतर काढलेला नाही.

मायक्रोअरेचा अहवाल त्याच आठवड्यात सामान्य आला. १८,५०० रुपये 'काही नाही' हे कळण्यासाठी गेले, असे माझ्या मनात आले खरे, पण वारेतील दोष आणि गुणसूत्रांतील दोष एकाच वेळी असू शकतात, त्यामुळे दुसरी शक्यता मिटली याला किंमत होती.

त्यानंतर माझी रक्ततपासणी आली. वारेत अशा खुणा दिसल्यावर रक्त गोठण्याशी संबंधित प्रतिपिंडे शोधतात: ल्युपस अँटिकोॲग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आणि अँटी-बीटा-टू ग्लायकोप्रोटीन. २८ ऑगस्टला रक्त दिले, ५,२०० रुपये पडले. अँटिकार्डिओलिपिनचा एक आकडा किंचित वाढलेला आला आणि मी रात्रभर इंटरनेटवर स्वतःचे निदान करत बसले. हे करू नका. ही प्रतिपिंडे साध्या तापानंतरही तात्पुरती वाढतात, म्हणून किमान १२ आठवड्यांच्या अंतराने पुन्हा तपासून तीच गोष्ट दिसली तरच निदान करतात, शिवाय थोडीशी वाढ त्या निदानासाठी पुरेशी धरत नाहीत. १२ आठवडे मोजले तर तारीख २० नोव्हेंबर आली, आणि त्या दिवशी विधानसभेचे मतदान असल्याने लॅब बंद होती. २१ तारखेला बोटावरच्या ताज्या शाईसह रक्त दिले. फक्त तेवढीच तपासणी परत केल्याने १,९०० रुपयांत भागले. आकडा सामान्य आला.

मधल्या काळात रजेचा एक तंटाही झाला, तोही याच कागदांशी निगडित आहे. माझ्या नोकरीच्या ठिकाणी हा गर्भपात समजून मला सहा आठवड्यांची रजा देऊ केली होती. तेव्हा लागू असलेल्या मातृत्व लाभ अधिनियम, १९६१ मध्ये गर्भपाताची व्याख्या सव्विसाव्या आठवड्यापर्यंतचीच होती, आणि 'मूल' या शब्दात मृत जन्मलेले मूलही येत होते. डिस्चार्ज कार्डावर आठवडे आणि 'मृतजन्म' हा शब्द स्पष्ट लिहिलेला असल्यामुळेच मला पूर्ण रजा मिळवता आली. जन्म-मृत्यू नोंदणीतही मृतजन्माची वेगळी नोंद करावी लागते आणि ती दवाखान्याकडून जाते. ती गेली का, हे विचारून घ्यावे.

डिसेंबरमध्ये सर्व कागद घेऊन पुण्यातील त्याच तज्ज्ञांना पुन्हा भेटलो. पुढच्या वेळी सोळाव्या आठवड्याच्या आत कमी मात्रेची ॲस्पिरिन सुरू करायची, गर्भाशयाच्या धमन्यांचा डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाह पाहणारी सोनोग्राफी, करायचा, वाढीच्या सोनोग्राफी लवकर आणि वरचेवर करायच्या, असे ठरले. ही योजना माझ्या अहवालावर आधारलेली आहे, ती कोणी तशीच उचलू नये. येल विद्यापीठातील एका गटाने ९२२ स्त्रियांच्या १,२५६ वारांची तपासणी करून २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाविषयी मी विचारले. त्यात नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत स्पष्टीकरण मिळाल्याचे म्हटले आहे, आणि मृतजन्मांत लहान वार ही ठळक गोष्ट होती. वार लहान असणे हे कारण आहे की आणखी मागच्या एखाद्या कारणाची खूण, हे प्रत्येक वेळी सांगता येत नाही, असे त्या म्हणाल्या, आणि मला ते उत्तर आकड्यापेक्षा अधिक विश्वासाचे वाटले.

दोन सल्लाभेटी आणि प्रवास धरून एकूण खर्च साधारण ३५,००० रुपये आला. मायक्रोअरे वगळली असती तर तो निम्म्याहून कमी झाला असता. मेणाचे ठोकळे आणि काचपट्ट्या प्रयोगशाळा पुष्कळ काळ जपून ठेवते व दुसऱ्या मतासाठी देते, म्हणून ठोकळ्यांचा क्रमांक मी फाइलच्या पहिल्या पानावर लिहिला आहे. उरलेली वार परत हवी का, असे प्रयोगशाळेने सप्टेंबरात विचारले होते. पुरायची म्हणून मागावी असे मला वाटले, पण फॉर्मालिन मातीत घालू नये असे कळल्यावर विल्हेवाटीच्या संमतीवर सही केली.

माझ्या आजेसासूंना हे सांगायला दिवाळीत गावी गेले होते. त्या ऐंशीच्या पुढच्या आहेत. त्यांना परसात पुरण्याची पद्धत ठाऊक, म्हणून वार बरणीतून पुण्याला गेली हे ऐकून त्यांना वाईट वाटेल असा माझा अंदाज होता. त्यांनी सर्व ऐकून घेतले आणि विचारले, "केवढी होती गं?" मी हाताने दाखवले. त्यांनी माझा हात धरून बोटे आणखी थोडी मिटवली.

"माझ्या दुसरीची एवढी होती," त्या म्हणाल्या. "सुईण म्हणाली होती, वार बारकी आहे म्हणून. पण तिला कोण विचारतंय."

घरात त्यांना एक दुसरी मुलगी झाली होती, हे पतींनाही तोवर माहीत नव्हते.